आयांचे ऐकणारी डॉक्टरीण : डॉ. सिसिली विल्यम्स

घरात पाळणा हलू लागला की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागतात. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले जातात, बाळासाठी टोपडी-झबली येतात, शेजारणी दृष्ट काढून जातात. या गडबडीत दीड-दोन वर्षांचे एक मूल दाराच्या चौकटीला धरून उभे असते. कालपर्यंत आईची मांडी त्याची होती. आज तिथे पाठचे भावंड आहे. ते किरकिर करते, ताटातले टाकते, रात्री उठून रडते. थोरल्याला धाकट्याचा हेवा वाटू लागला, असे म्हणून आपण हसतो, त्याच्या हातावर एखादे बिस्किट ठेवतो आणि कामाला लागतो. हेवा वाटतही असेल. परंतु त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडलेली असते. त्याचे अंगावरचे दूध तुटलेले असते, आणि त्या दुधाच्या जागी काय आले याचा विचार पुष्कळदा कोणीच केलेला नसतो.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयाबायांनी या मुलाच्या दुखण्याला फार पूर्वीच एक नाव दिले होते. ते नाव साऱ्या जगाच्या वैद्यकात ज्यांनी नेले, त्या डॉ. सिसिली विल्यम्स यांचे चरित्र मंडळाच्या या वर्धापनदिनाच्या अंकात सांगावे असे वाटले. प्रथिनांविषयी आज घरोघर बोलले जाते, खाऊच्या डब्यांवर त्यांचे आकडे छापलेले असतात. पण प्रथिने न मिळाल्याने लेकराचे काय होते, हे जगाला कोणी आणि कसे दाखवून दिले, ती हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते.

सिसिली डेल्फिन विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर झाला. घराणे मूळचे इंग्रज, पण कित्येक पिढ्या जमेकातच स्थायिक झालेले. वडील शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगी बुद्धीने तल्लख आहे, हे त्यांनी लवकर ओळखले. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी थट्टेने म्हटले होते की, हिला नवरा मिळण्याची आशा थोडी, तेव्हा हिने डॉक्टरीण व्हावे हेच बरे, अशी एक आठवण सांगतात. थट्टेतले ते बोल खरे व्हायचे होते. बाईंनी लग्न केले नाही, आणि हजारो मुलांच्या त्या आई झाल्या.

तेराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठविले. एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात जागाही मिळाली. पण जमेकात भूकंप आणि वादळे होऊन गेलेली, घरी हातभाराची गरज, म्हणून मिळालेली जागा सोडून ही मुलगी आईवडिलांपाशी परत गेली. चार वर्षे अशीच गेली. १९१६ साली वडील वारले, आणि मग त्या पुन्हा ऑक्सफर्डला आल्या. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. तरुण मुलगे रणांगणावर गेल्यामुळे वैद्यकीच्या वर्गांतील बाके रिकामी पडली होती. एरवी बंद असलेली दारे त्यामुळे मुलींसाठी किलकिली झाली, आणि त्या फटीतून बाई आत शिरल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली तीच मुळी १९२० साली, हे लक्षात घेतले म्हणजे या शिक्षणाचे मोल कळते. १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या.

परंतु डॉक्टर होणे वेगळे आणि नोकरी मिळणे वेगळे. युद्ध संपून पुरुष डॉक्टर परत आले होते आणि रुग्णालयांना बायका नको होत्या. लंडनमध्ये स्त्रियांच्या व मुलांच्या इस्पितळांत मिळेल ते काम त्यांनी केले. लंडनच्या गरीब वस्तीतील मुले तपासताना एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. मूल बरे करायचे तर ते ज्या घरातून आले ते घर माहीत पाहिजे. त्याची आई कोण, चूल कशी, खायला काय, भावंडे किती, हे ज्या डॉक्टरला ठाऊक नाही, त्याने दिलेले औषध बाटलीतच राहते. पुढच्या सगळ्या कामाचे बीज या एका विचारात होते.

मग त्यांनी उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास केला आणि ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय खात्यात अर्ज केला. १९२९ साली त्यांची नेमणूक आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या वसाहतीत झाली. हाच देश १९५७ साली स्वतंत्र होऊन घाना या नावाने ओळखला जाऊ लागला. खात्यात स्त्री डॉक्टरांचा दर्जा निराळा होता. त्यांनी बायका आणि मुले तेवढी पाहायची, आणि पगार पुरुषांपेक्षा कमी घ्यायचा. बाईंना पगाराचे वाईट वाटले असेल, पण कामाचे मुळीच नाही. आया आणि मुले हीच तर त्यांना हवी होती.

अक्रा शहरातील प्रिन्सेस मेरी लुईझ रुग्णालयात त्यांचे काम सुरू झाले. सकाळ झाली की पाठीशी मुले बांधलेल्या बायकांची रांग लागे. बाईंनी प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याची पद्धत घातली, स्थानिक मुलींना परिचारिकेचे काम शिकवले, आणि त्यांना घरोघर पाठवू लागल्या. आजारी मुलाला औषध आणि चांगल्या मुलाचे वजन, आईला सल्ला आणि घरची भेट, हे सर्व एकाच छपराखाली. आज आपल्याकडे अंगणवाडीत वजन, खाऊ आणि लस एकत्र पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. १९३० च्या सुमारास ही गोष्ट नवलाची होती.

त्या रांगेत अधूनमधून एक विशेष प्रकारचे मूल येई. वय एक ते चार वर्षांच्या दरम्यान. पहिल्या दृष्टीस ते हाडकुळे वाटत नसे; उलट गाल फुगलेले, पोट पुढे आलेले, हातपाय भरलेले. पण पायावर बोट दाबले की खळगा तसाच राही, कारण ते मांस नसून पाणी असे. काळ्याभोर केसांचा रंग जाऊन ते तांबूस, विरळ झालेले. कातडीवर गडद डाग पडून तिचे पापुद्रे सुटलेले, जणू जुन्या भिंतीचा रंग उडावा. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या मुलाचा चेहरा. ते खेळत नसे, हसत नसे, अन्न पुढे केले तर तोंड फिरवी. नुसते कण्हत पडून राही. थोड्याच दिवसांत बहुतेक मुले दगावत.

बाईंनी पुस्तके चाळली. असा रोग त्यांना कोठे सापडेना. कोणी म्हणे जंत असतील, कोणी म्हणे उपदंशाचा वारसा असेल. बाईंनी स्वतः शवचिकित्सा केल्या. यकृत चरबीने भरून फिकट झालेले आढळले, पण रोगजंतूचा पत्ता लागेना. तेव्हा त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली, जी त्या काळच्या साहेबी डॉक्टरांना सुचली नव्हती. त्यांनी आयांना आणि आपल्या परिचारिकांना विचारले की, तुम्ही याला काय म्हणता?

अक्राच्या आसपास गा नावाची भाषा बोलतात. बायकांनी सांगितले, आम्ही याला क्वाशिओरकोर म्हणतो. पाठचे मूल आले म्हणजे मांडीवरून उतरवलेल्या थोरल्या मुलाला जे दुखणे लागते, ते क्वाशिओरकोर.

भगिनींनो, त्या एका शब्दात रोगाचे कारण, वय आणि इतिहास सगळे आलेले आहे. प्रयोगशाळेत जे सापडले नाही ते आयांच्या बोलीत होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या बायकांनी आपली लेकरे डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती, आणि कोणते मूल जाते, केव्हा जाते, हे त्यांनी बरोबर हेरले होते. उपाय मात्र त्यांच्या हाती नव्हता. बाईंचा मोठेपणा असा की, अडाणी बायकांची समजूत म्हणून तो शब्द त्यांनी झिडकारला नाही. तो त्यांनी जसाच्या तसा उचलला आणि त्याचा माग काढला.

मांडीवरून उतरलेले मूल खाते काय? बाईंनी घरोघरची चौकशी केली. उत्तर एकच येई : मका. मक्याचे पीठ आंबवून त्याची पातळ पेज, किंवा शिजवलेले गोळे. दूध नाही, अंडे नाही, डाळ नाही. गाई त्या भागात फारशा नव्हत्या, आणि मासळी-मटण झालेच तर ते मोठ्यांच्या पानात पडे. आईच्या अंगावर होते तोवर मूल गुटगुटीत असे. दूध तुटले, मका सुरू झाला, आणि काही महिन्यांत पाय सुजू लागले.

येथे थोडे थांबून प्रथिने म्हणजे काय ते पाहू. आपले स्नायू, रक्त, केस, कातडी ही सारी प्रथिनांची बनलेली असतात. प्रथिने स्वतः ॲमिनो आम्ले नावाच्या लहान लहान घटकांची बनतात, मण्यांची माळ ओवावी तशी. हे मणी सुमारे वीस प्रकारचे. त्यांपैकी नऊ प्रकारचे मणी शरीराला स्वतः घडवता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. दूध, अंडी, मासे, मांस यांत ते सर्व भरपूर असतात. मक्यात प्रथिने थोडी, आणि त्यांतही लायसीन व ट्रिप्टोफॅन हे दोन मणी फार कमी. एका प्रकारचा मणी संपला की माळ तेथेच थांबते, बाकीचे कितीही असोत. वाढत्या मुलाला तर शरीर नुसते राखायचे नसते, नवे बांधायचे असते. सामान न मिळाल्याने बांधकाम थांबते. रक्तातील पाणी रक्तातच धरून ठेवणारे प्रथिन कमी पडले की पाणी झिरपून पायांत, चेहऱ्यावर साठते. यकृतातली चरबी बाहेर वाहून नेणारी प्रथिने कमी पडली की ती तेथेच साचते. केसांना रंग राहत नाही, कातडी भरून येत नाही. बाईंनी पाहिलेल्या एकेका लक्षणाचा अर्थ असा हळूहळू उलगडत गेला.

१९३३ साली बाईंनी लंडनच्या बालरोगांवरील मासिकात या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मक्याच्या आहाराशी निगडित असलेला हा पोषणाचा विकार आहे, आणि एखादे ॲमिनो आम्ल किंवा प्रथिन कमी पडणे हे त्याचे कारण असू शकेल, असे त्यांनी जपून लिहिले. जे सिद्ध झाले नाही ते ठासून सांगायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. १९३५ साली लॅन्सेट या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी दुसरा लेख लिहिला, आणि त्यात क्वाशिओरकोर हे गा भाषेतील नाव प्रथमच वैद्यकाच्या छापील पानावर आले. आया जे म्हणत होत्या ते नाव जगातील विद्वानांना आता उच्चारावे लागणार होते. मराठी पुस्तकांत पुढे या विकाराला सुजवटी म्हणू लागले.

विद्वानांनी ते सहज उच्चारले नाही. आफ्रिकेतील रोगांचे जाणकार म्हणून नावाजलेले डॉ. स्टॅनस यांनी लिहिले की यात नवे काही नाही, हा पेलाग्राच आहे. पेलाग्रा हाही मका खाणाऱ्यांना होणारा विकार, नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा. बाईंनी शांतपणे दोहोंतील फरक दाखवले. पेलाग्राचे चट्टे उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर येतात, यातले डाग तसे नाहीत. हा रोग नेमका दूध तुटलेल्या लहान मुलांनाच होतो. पण एका बाजूस नामांकित तज्ज्ञ आणि दुसऱ्या बाजूस वसाहतीतली एक बाई, असा तो सामना होता. कित्येक वर्षे पुष्कळ डॉक्टर तज्ज्ञांचेच खरे मानून चालले. त्या वर्षांत किती थोरली मुले मांडीवरून उतरून गेली असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

अक्रामध्ये बाईंचे वरिष्ठांशीही पटेना. स्पष्ट बोलणारी, हाताखाली काम करूनही मान न तुकवणारी स्त्री खात्याला जड जात होती. १९३६ साली त्यांची बदली पार दुसऱ्या टोकाला, मलायात झाली. सात वर्षे ज्या आयांमध्ये घालवली, त्यांना सोडून जावे लागले.

मलायात आणि सिंगापुरात त्यांना उलट दृश्य दिसले. अक्रात दोन वर्षांचे मूल मरत होते, इथे दोन महिन्यांचे. आईच्या अंगावर दूध असताना बाळाला डब्यातले गोड घट्ट दूध पाणी घालून पाजले जात होते. कंपन्यांनी परिचारिकांसारखा पोशाख केलेल्या बायका नेमल्या होत्या. त्या घरोघर जाऊन डब्याचे दूध आईच्या दुधाहून सरस असल्याचे सांगत. अशा दुधात साखर मोप, आणि ज्या पाण्यात ते कालवायचे ते घाण. डबा पुरवायचा म्हणून आणखी पाणी घालायचे. मुले हगवणीने आणि उपासमारीने जात. गंमत अशी की, अक्रात आजारी थोरल्या मुलांना बाईंनी स्वतः डब्यातले दूध देऊन काही जणांना वाचवले होते. दुधाशी त्यांचे वैर नव्हते. रोग्याला उपयोगी पडणारी वस्तू निरोगी तान्ह्याच्या तोंडून आईचे दूध काढून घेण्यासाठी विकावी, याची त्यांना चीड होती.

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबाने त्यांना भाषणास बोलावले. समोर शहरातील बडे व्यापारी बसलेले. बाईंनी भाषणाला नाव दिले ‘दूध आणि खून’. तान्ह्या मुलांच्या दुधाबाबत खोटा प्रचार करणे हा खुनासारखाच गुन्हा समजून त्याला तशीच शिक्षा व्हावी, असे त्यांनी त्या मंडळींना तोंडावर सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने अशा दुधाच्या जाहिरातींवर बंधने घालणारी संहिता मंजूर केली ती १९८१ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आपल्या देशात तसा कायदा १९९२ साली झाला.

१९४१ च्या डिसेंबरात जपानने मलायावर स्वारी केली. बाई तेव्हा ईशान्येकडील त्रेंगानू भागात होत्या. रानावनातून वाट काढीत त्या सिंगापूरला पोचल्या, पण सिंगापूरही पडले आणि चांगीच्या तुरुंगात हजारो युरोपियन कैद्यांबरोबर त्या बंदिवान झाल्या. बायकांच्या छावणीने पुढे त्यांना आपली प्रमुख निवडले. जपानी पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी नेऊन काही महिने कोठडीत डांबले. उपासमार, हगवण आणि बेरीबेरी यांनी शरीर खंगून गेले. बेरीबेरीमुळे पायांना आलेली बधिरता पुढे जन्मभर राहिली. ज्या बाईंनी कुपोषणाचा रोग जगाला सांगितला, त्यांनी तो असा अंगावर भोगला. याच छावणीत वीस बाळे जन्माला आली. वीसही बाळांना आयांनी अंगावर पाजले, आणि वीसही वाचली, हे बाई पुढे अभिमानाने सांगत. अर्धपोटी कैदी आयांच्या दुधाने जे केले, ते सुबत्तेतल्या डब्यांना जमले नव्हते.

युद्ध संपले तेव्हा बाई बावन्नाव्या वर्षाकडे झुकल्या होत्या आणि इस्पितळात मरणाच्या दारी होत्या. दुसरे कोणी असते तर निवृत्ती घेतली असती. पण नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली माता-बाल आरोग्य विभागाची पहिली प्रमुख म्हणून त्यांनाच बोलावले. जिनीव्हातील कचेरीनंतर त्यांनी दिल्लीतील आग्नेय आशिया विभागाच्या कचेरीतही काम केले. म्हणजे ज्या वर्षांत आपला देश नव्याने स्वतंत्र होऊन आपल्या मुलांची शिरगणती करीत होता, त्या वर्षांत ही बाई आपल्याकडे होती.

त्याच सुमारास अक्रातील शब्दाला न्याय मिळाला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांनी आफ्रिकेतील देशांत पाहणी करविली, आणि १९५२ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. क्वाशिओरकोर हा गरीब देशांतील मुलांचा सर्वत्र पसरलेला भयंकर विकार आहे, हे आता सर्वांनी मान्य केले. भारतात कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेतही असे रोगी अभ्यासले गेले.

आणि मग जगाची गाडी दुसऱ्या टोकाला गेली. मुले प्रथिनांवाचून मरतात, तर जगाला प्रथिने पुरवा, असा धोशा सुरू झाला. परिषदा भरल्या. माशांची भुकटी, यीस्टची प्रथिने, कारखान्यातली सत्त्वे यांवर अपार पैसा ओतला गेला. या उत्साहाला ज्यांनी शास्त्राने लगाम घातला, त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे एक सुपुत्र होते. डॉ. पां. वा. सुखात्मे हे रोम येथील अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांनी आकडेमोड करून दाखवले की, भारतात ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना बहुधा एकूण अन्नच कमी पडते. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनांची गरज बहुतेकांची भागते. पोट अर्धे राहिले तर खाल्लेली डाळही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. १९७४ साली डॉ. मॅक्लारेन यांनी लॅन्सेटमध्येच लेख लिहून प्रथिनांमागची ही सारी धावाधाव चुकल्याचे बजावले.

आपले डॉ. गोपालन यांनी तर असे पाहिले होते की, एकाच प्रकारच्या अन्नावर काही मुले सुजतात आणि काही नुसती वाळतात. पुढे मलावी देशातील जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून, २०१३ साली, आतड्यातील सूक्ष्म जंतूंचाही या रोगात हात असल्याचे दिसले. गोवर, हगवण यांसारख्या दुखण्यांनी मूल या खाईत ढकलले जाते, हेही कळले आहे. म्हणजे प्रथिन कमी पडणे हे या रोगाचे एक कारण, सर्व कारण नव्हे. नीट पाहिले तर बाईंनी १९३३ साली तेवढेच जपून लिहिले होते. प्रथिनांच्या भुकट्यांचे वेड इतरांनी घेतले.

बाई मात्र आपल्या मूळ वाटेवरून ढळल्या नाहीत. त्यांच्या लेखी आई, घर आणि दोन मुलांमधले अंतर या तीन गोष्टी आधी होत्या. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात त्यांनी वयाच्या सत्तरीपर्यंत माता-बाल आरोग्य शिकवले. त्यानंतर इंग्लंडमधील कुटुंबनियोजनाच्या संघटनेसाठी काम केले. पाठचे मूल घाईने आले नाही तर थोरले मांडीवरून उतरवले जाणार नाही, इतका तो विचार सरळ होता. माता-बाल आरोग्याच्या सेवा कशा चालवाव्यात यावर डॉ. जेलिफ यांच्यासमवेत त्यांनी ग्रंथ लिहिला. १३ जुलै १९९२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

आता या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या स्वयंपाकघरात या प्रश्नाचे उत्तर जुन्यापासून आहे. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी यांत लायसीन कमी. डाळींत ते भरपूर. डाळींत मेथिओनीन नावाचा मणी कमी. तो धान्यांत आहे. दोन्ही एकत्र आले की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरणभात, मुगाची खिचडी, भाकरी-पिठले, थालीपीठ यांत आपल्या आज्यांनी हेच साधले होते. शंभर ग्रॅम डाळीत बावीस-चोवीस ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांतही जवळजवळ तेवढीच, आणि एका अंड्यात सहा ग्रॅम. लहान मुलाला रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम, म्हणजे दहा-बारा किलोच्या मुलाला दहा-बारा ग्रॅम प्रथिने लागतात. दोन वाट्या दूध आणि घट्ट वरणभात यांत ती सहज येतात. पण वरण घट्ट हवे. मुलाला वरचे पातळ पाणी आणि पुरुषांच्या पानात खालची डाळ, असा वाढप ज्या घरात असतो, त्या घरात अक्राचे दुखणे फार दूर नाही. मुलाचे पोट लहान, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे आणि त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे; नाहीतर प्रथिने बांधकामाऐवजी सरपणात जातात.

सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, मग वरचे अन्न, आणि त्याबरोबर दोन वर्षे व पुढेही अंगावर पाजणे, असे आजचे वैद्यकही सांगते. आपल्या वस्तीत एखादे मूल मरगळलेले दिसले, खाईनासे झाले, तर दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहावे. खळगा राहिला तर त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तरी तसेच. अशा मुलाला घरच्या घरी एकदम दूध-अंडी भरवू नयेत. खंगलेल्या शरीराला तो भार सोसत नाही. डॉक्टर ते हळूहळू चढवीत नेतात.

आणि शेवटची गोष्ट, जी बाईंनी अक्राच्या त्या रांगेत केली. शेजारीण आपल्या मुलाविषयी काही सांगत असेल, तर ते पुरते ऐकून घ्यावे. मंडळाच्या बैठकीला येताना धाकट्याला कडेवर घेणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला आपण धाकट्याचे नाव विचारतो. यंदापासून थोरला काय जेवला, तेही विचारू या.